सेटल म्हणजे काय, ते सांगा

कुमुदताईंच्या टेबलावर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बायोडेटात तो शब्द असायचाच. बायोडेटा मराठीत असो, इंग्रजीत असो, नाहीतर दोन्हींची खिचडी असो. वर गणपतीचं चित्र, खाली नाव, जन्मवेळ, उंची, रास, नाडी, मामाचं गाव, आणि मग शेवटी कुठंतरी 'मुलगा वेल सेटल्ड'. मुलीचा कागद असला तर 'अपेक्षा : सेटल मुलगा'. कुमुदताई चष्मा नाकावर खाली ओढायच्या, लाल पेनानं त्या शब्दाभोवती गोल काढायच्या आणि समोरच्या माणसाला अगदी गोड आवाजात विचारायच्या, "हे काय लिहिलंय?"

"सेटल्ड."

"ते वाचलं मी. म्हणजे काय, ते सांगा."

इथं माणूस गडबडायचा. रोज तोंडात असलेल्या शब्दाचा अर्थ सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसायची. एकदा कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले होते. मुलगा पुण्याला आयटीत.

"म्हणजे सगळं आहे हो त्याचं," ते म्हणाले. "फ्लॅट आहे, गाडी आहे, नोकरी आहे."

"नोकरी पक्की आहे?"

"आता आयटीत पक्कं काय असतं ताई!"

"मग सेटल कसा?"

गृहस्थांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग एकदम प्रामाणिकपणे म्हणाले, "खरं सांगू का, आम्हाला आता त्याची काळजी करावी लागत नाही. म्हणून सेटल."

कुमुदताईंना हे फार आवडलं. "हे खरं बोललात. म्हणजे सेटल तुम्ही झालात. मुलाचं अजून बघायचंय." आणि त्यांनी बायोडेटावर लाल अक्षरांत लिहिलं, 'वडील सेटल्ड'. गृहस्थांना हसावं की रागवावं कळेना. पण त्यांच्या मुलाचं लग्न कुमुदताईंनीच जमवलं आणि पुढं ते स्वतःच हा किस्सा सगळ्यांना सांगत असत.

कुमुदताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत आम्ही एकदमच राहायला आलो. त्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, पाटबंधारे खात्यातून. एकुलती एक मुलगी मेधा, लग्न होऊन बंगळूरला. निवृत्तीनंतर कुमुदताईंनी जवळच्या मंगल कार्यालयाच्या मागची खोली मागून घेतली आणि दर रविवारी सकाळी तिथं वधूवर सूचक मंडळ सुरू केलं. मी बँकेतून मोकळा झालो तेव्हा एक दिवस त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "मोहनराव, तुम्हाला कॉम्प्युटर येतो, मला माणसं येतात. रविवारी या." मी गेलो, आणि पुढची काही वर्षं जातच राहिलो. फोटो चिकटवायचे, फोन नंबर तपासायचे, गाडी चालवायची, एवढंच माझं काम. बाकी सगळं त्या.

बुटक्या, ठसठशीत, आणि नेहमी इस्त्रीची सुती साडी. कचेरीची सवय अशी मुरलेली, की नवऱ्यामुलाला पाणी दिलं तरी आवक नोंदवल्यासारखं देत. पेरू अतिशय आवडीचा. पिशवीत मीठ-तिखटाची पुडी कायम असायची आणि एखाद्या उपवर मुलाची खडाखड चौकशी चालू असताना मध्येच पेरूची फोड त्याच्यापुढं करायच्या. बोलणं शहरी, स्वच्छ. पण त्या मूळच्या चांदवडकडच्या. राग आला की गाव वर यायचं. "लय शहाणपणा नको" असं त्या म्हणाल्या, की अण्णा हळूच पेपर उघडून तोंडासमोर धरत.

मुलामुलींनी एकमेकांना बघायची त्यांची पद्धतही स्वतंत्र होती. पोहे, चहा, मान खाली घालून बसणं, असलं काही नाही. दोघं आली की त्या पिशवी हातात देत आणि म्हणत, "दोघं जाऊन कोथिंबीर घेऊन या." भाजीबाजार तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. दोघं परत येईपर्यंत आईबाप खोलीत चुळबुळत बसत. आल्यावर कुमुदताई कोथिंबीर बघत नसत, चेहरे बघत. पिशवी कुणाच्या हातात आहे, पुढं कोण चाललंय, मागचा थांबला तर पुढचा थांबतो का. "पत्रिका तुम्ही बघा," त्या म्हणायच्या, "मी एवढं बघते."

पण त्या एका शब्दाशी त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. तो कानावर पडला की त्या थबकायच्या. आमच्या सोसायटीतले जोशी म्हणाले, "धाकटा कॅनडात सेटल झाला," तर त्या विचारत, "म्हणजे परत येणार नाही, असंच ना?" जोशींचा चेहरा उतरायचा. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "त्या भावाभावांच्या भांडणाचं मॅटर सेटल झालं," तर विचारत, "म्हणजे बोलायला लागले?" वहिनी म्हणायच्या, "बोलणं कसलं हो! वाटण्या झाल्या." जेवण जड झालं तर पोट सेटल होत नाही, नवी सून आली तर तिला सेटल व्हायला वेळ द्या, गणपतीच्या मंडपात खुर्च्या पुरल्या नाहीत तर जरा इकडं तिकडं सेटल व्हा. एका शब्दाला आपण काय काय कामाला लावलंय, असं त्या म्हणायच्या आणि हसायच्या. ते हसणं मात्र लगेच संपायचं.

अण्णांनी एकदा त्यात भर घातली. ते फारसं बोलत नसत, पण त्या दिवशी पेपर खाली ठेवून म्हणाले, "आमच्या खात्यात सेटलमेंट म्हणजे बांधकाम खचणं. खालची माती दबते आणि वरची भिंत बसते. सगळीकडून सारखी बसली तर कुणाला कळत नाही. एका बाजूनं बसली की तडा जातो."

कुमुदताई उठून आत गेल्या. मला वाटलं, त्यांना बोलणं आवडलं नाही. अण्णा म्हणाले, "तुमच्यावर नाही हो चिडली." आणि परत पेपर उघडला. त्यामागं काय होतं, ते मला पुढं नितीनच्या वेळी कळलं.

नितीन विंचूरजवळच्या एका वस्तीवरचा. त्याला त्याची आई, सुमनबाई, घेऊन आली होती. वडील वारलेले. मुलगा शेतकी पदवीधर, तिशी ओलांडलेला, अंगानं सडसडीत, उन्हानं रापलेला. घरची द्राक्षबाग तो स्वतः बघायचा. तीन-चार मंडळांत नाव घालून झालं होतं. त्याच्या बायोडेटात तो शब्द नव्हता. कुमुदताईंनी कागद वरखाली करून पाहिला आणि म्हणाल्या, "सेटल लिहिलं नाहीस?"

"लिहिलं होतं," नितीन म्हणाला. "आधीच्या मंडळातल्या सरांनी खोडलं. म्हणाले, शेती असली की तसं लिहायचं नसतं."

सुमनबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "ताई, पोरगं गुणाचं हाय. पण शेतीवाल्याला कोन पोरगी देतंय आता? शेतकऱ्याच्या पोरीबी नाय म्हनत्यात."

"रविवारी दुपारी काय करतोस?" कुमुदताईंनी विचारलं. हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता.

नितीन पहिल्यांदाच मोकळा हसला. "बागेला रविवार नसतो मावशी. पण आता घडांत पाणी भरायला लागलंय. ह्या दिवसांत दुपारी नुसता वेलांखाली पडून राहतो. वरनं उजेड हिरवा येतो. तेवढं बघितलं की बरं वाटतं."

ते निघून गेल्यावर कुमुदताई कितीतरी वेळ हातात तो कागद धरून बसल्या होत्या. "मोहनराव," त्या म्हणाल्या, "ह्याचा आजा, बाप आणि हा, तिघं एका जमिनीवर. आणि हा सेटल नाही. भाड्याच्या खोलीत दोन मित्रांबरोबर राहणारा, आज ह्या कंपनीत तर उद्या त्या, तो सेटल. मला ह्या पोराचं लग्न जमवायचंय."

त्यांनी नंतर जे केलं, ते मी जवळून पाहिलं. इतर वेळी त्या स्थळ सुचवून बाजूला होत. नितीनसाठी मात्र कितीतरी महिने स्वतः फोन केले, लोकांच्या घरी गेल्या. बहुतेक ठिकाणी चहा व्हायच्या आत उत्तर मिळायचं. "मुलगा चांगलाच असेल हो, पण आम्हाला सेटल पाहिजे." एका घरी तर म्हणाले, "शेती पाहिजे, पण शेती करणारा नको." कुमुदताई बाहेर पडून जिन्यातच खदखदून हसल्या आणि गाडीत बसल्यावर पुढच्या घराचा पत्ता सांगितला.

मग प्राजक्ता आली. नाशिकच्याच सिडकोत राहणारी, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. हुशार, थोडी अबोल. तिच्या वडिलांना, दिलीपरावांना, पुण्यामुंबईचं स्थळ हवं होतं. त्यांना न दुखावता कुमुदताईंनी तिला नितीनशी एकदा भेटायला तयार केलं. रविवारी दोघं आली आणि ठरल्याप्रमाणे कोथिंबिरीला गेली.

ती लवकर आलीच नाहीत. सुमनबाई दारात जाऊन आल्या. प्राजक्ताच्या आईनं दोनदा फोन लावला, तो तिच्या पर्समध्येच वाजला. पर्स आणि कोथिंबिरीची पिशवी, दोन्ही खुर्चीवरच राहिलेली. शेवटी दोघं आली ती रिकाम्या हातांनी. बोलता बोलता भाजीबाजार मागं टाकून पार गोदावरीच्या पुलापर्यंत गेली होती आणि तशीच परत आली होती. प्राजक्ताच्या कपाळावर घाम होता आणि ती हसू दाबत होती.

"कोथिंबीर?" कुमुदताईंनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "विसरलो," नितीन म्हणाला.

कुमुदताईंनी माझ्याकडं पाहिलं. इतका उजळलेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

चारच दिवसांनी प्राजक्तानं होकार कळवला. विंचूरहून नाशिकला बस आहेत, नोकरी सोडायची नाही, घरी नितीनच्या आईची मदत आहे, असा सगळा विचार तिनं केला होता. पत्रिका, नातीगोती, सगळं जुळत होतं. अडलं ते दिलीपरावांपाशी. त्यांनी फोनवरच नाही म्हणून टाकलं. कुमुदताई म्हणाल्या, "मोहनराव, गाडी काढा. समोरासमोर बोलते."

सिडकोतलं ते छोटं घर मला अजून दिसतं. दारात तुळस, भिंतीवर प्राजक्ताचा पदवीचा फोटो. दिलीपरावांनी आमचं आदरानं स्वागत केलं. माणूस अजिबात वाईट नव्हता, आणि अडचण तीच होती.

"ताई, मी निफाडकडच्या खेड्यातला," ते म्हणाले. "लहानपणी चिखल तुडवत शाळेत गेलो. माझ्या आईचे हात मी बघितलेत. ती म्हातारी होऊन गेली नाही, झिजून गेली. मी कंपनीत लागलो, इथं चार भिंती उभ्या केल्या. आता पोरीला परत तिथंच पाठवू?"

"आता तसं राहिलं नाही," कुमुदताई म्हणाल्या. "त्याच्याकडं पक्कं घर आहे, बागेला ठिबक आहे…"

"गारपीट राहिलीय ना?"

कुमुदताईंचा आवाज चढला. "आणि कंपन्या बंद पडत नाहीत? त्या पोराचं घर तीन पिढ्या एका जागी हाय! तुम्हाला सेटल म्हणजे नेमकं काय पाहिजे, ते तर सांगा!"

"मला झोप लागली पाहिजे ताई," दिलीपराव शांतपणे म्हणाले. "ढग आले की पोरीच्या काळजीनं मला उठून बसायचं नाही. एवढंच."

आतल्या दारापाशी प्राजक्ता उभी होती. तेव्हा कुमुदताईंनी ती गोष्ट सांगितली. ती त्यांनी मलाही कधी सांगितली नव्हती.

मेधाला एक मुलगा आवडत होता. सुहास त्याचं नाव. कॉलेजात भूगोल शिकवायचा, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. घरी यायचा. अण्णांशी धरणांवर बोलायचा, कुमुदताईंना नकाशे दाखवायचा. मेधा तो आल्यावर गाणं गुणगुणत असायची. एक दिवस त्यानं विचारलं. कुमुदताई त्याला म्हणाल्या, "आधी सेटल हो, मग ये."

"एवढंच म्हटलं मी त्याला," कुमुदताई दिलीपरावांना सांगत होत्या. "ओरडले नाही, अपमान केला नाही. तो बरं म्हणाला आणि उठून गेला. मी मग चांगलं स्थळ बघितलं. कागदावर लिहिलंच होतं, वेल सेटल्ड. मेधा मला एका शब्दानं बोलली नाही. लग्न करून गेली. जावई चांगला आहे. काही कमी नाही. पण दिलीपराव, माझी पोरगी माझ्याशी बोलत नाही. फोन येतो. कशी आहेस, बरी आहे. जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, आहे. त्याच्या पुढं काही नाही. इतकी वर्षं झाली, तिच्या घरात गुणगुणणं ऐकलं नाही मी. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सांगतेय."

दिलीपरावांनी सगळं नीट ऐकलं. पाण्याचा ग्लास कुमुदताईंकडं सरकवला. मग विचारलं, "पण ताई, मुलगी सुखात आहे ना तुमची?"

कुमुदताईंनी पदराचं टोक सरळ केलं. आणि म्हणाल्या, "सेटल आहे."

"मग झालं तर," दिलीपराव म्हणाले.

परतताना त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. एका चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "मला हो म्हणता आलं नाही मोहनराव. आणि नाही म्हणायला माझ्यापाशी काही नव्हतं. तिनं मला कधी काही सांगितलंच नाही."

प्राजक्ता एकदा एकटीच कुमुदताईंकडं येऊन गेली. मीही तिथं होतो. "मावशी, तुम्ही एवढं केलंत," ती म्हणाली. "बाबा वाईट असते तर मी भांडले असते. पण ते रात्रंदिवस माझाच विचार करतात. त्यांच्याशी कशी भांडू?" कुमुदताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भांड, असं त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, तेव्हा त्यांना मेधाच समोर दिसत असावी, आणि मेधा का भांडली नाही हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या हिवाळ्यात प्राजक्ताचं लग्न पुण्यातल्या मुलाशी झालं.

नितीन बरेच दिवस आला नाही. फोन केला तर सुमनबाई म्हणायच्या, बागेत हाय. मग एका रविवारी आला, नवा शर्ट, पायात बूट. टेबलासमोर बसला आणि म्हणाला, "मावशी, आता माझ्या कागदावर तो शब्द लिहा."

"कोणता?"

"सेटल. चाकणला एका कंपनीत लागलोय. चुलतभावानं शब्द टाकला. पुढच्या आठवड्यात जातोय."

"आणि बाग?"

"आईकडनं एकटीनं होणार नाय. बाग म्हणजे रोजचं काम. काढली." तो टेबलाकडं बघत बोलत होता. "वेल तोडले, मांडवाचे अँगल आणि तारा विकून टाकल्या. जमीन शेजारच्यांना अर्ध्या वाट्यानं दिली. ते कांदा लावतील."

कुमुदताई पुढं झुकल्या. "मला आधी विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असता," नितीन म्हणाला. "आणि मावशी, मला एकट्यानं म्हातारं व्हायचं नव्हतं."

कुमुदताईंनी त्याचा कागद काढला आणि लाल पेन बाजूला ठेवून, निळ्या पेनानं, सावकाश अक्षरांत तो शब्द लिहिला.

त्याचं लग्न लवकरच जमलं. कुमुदताईंनी नाही, दुसऱ्याच कुणीतरी जमवलं, पण सुमनबाई आमंत्रण द्यायला स्वतः नाशिकला आल्या. लासलगावच्या एका लॉन्सवर लग्न होतं. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मुलगी साधी, हसतमुख होती. नितीनही खुशीत दिसत होता. मी उगीच त्याच्या चेहऱ्यावर दुसरं काही शोधत होतो. सुमनबाईंनी कुमुदताईंचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. "ताई, पोरगं सेटल झालं बघा! तुमच्याच पायगुनानं."

"हो," कुमुदताई म्हणाल्या. "छान झालं."

सुमनबाईंनी आग्रहानं वाढून आणलं. कुमुदताईंनी ताट पुसून स्वच्छ केलं, न आवडणारी बासुंदीसुद्धा प्यायल्या. परतताना वाटेत मी म्हटलं, "मुलगी चांगली वाटली." त्या म्हणाल्या, "चांगलीच आहे." आणि थोड्या वेळानं, "घरी एकट्या राहणार आता सुमनबाई." एवढंच.

त्यानंतर त्यांनी मंडळ बंद केलं. लोक विचारायला यायचे, त्या प्रकृतीचं कारण सांगायच्या. मार्च सरत असताना त्या एकट्याच बंगळूरला जाऊन आल्या. आल्यावर मी वर गेलो. अण्णा चहा करत होते.

"कशी आहे मेधा?" मी विचारलं.

"मला बाहेर जेवायला घेऊन गेली. दोघीच होतो," कुमुदताई म्हणाल्या. "मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, मेधा, सुहासच्या बाबतीत माझं चुकलं. ती मेनूकार्ड बघत होती. म्हणाली, आई, किती जुनं काढतेस. मला आता आठवतही नाही. आणि मला विचारलं, तू सूप घेशील का?"

"मग?"

"घेतलं."

अण्णा चहाचे कप घेऊन आले आणि बायकोच्या शेजारी बसले. त्यांचा पेपर त्या दिवशी टीपॉयवर तसाच घडीचा पडलेला होता.

"ती माझ्यावर रागावलेली असती तर बरं झालं असतं," कुमुदताई म्हणाल्या. "काहीतरी शिल्लक आहे असं कळलं असतं."

त्यानंतर कुमुदताई घरी कमी दिसायला लागल्या. जिन्यात अण्णा भेटले तर म्हणायचे, "विंचूरला गेलीय." आठवड्यातून एकदा तरी. सीबीएसच्या बसस्थानकावरून एसटी धरायची, वस्तीवर सुमनबाईंकडं जायचं, संध्याकाळी परत. तिथं काय करतात, ते त्या सांगत नसत आणि अण्णाही विचारत नसत.

त्या मेच्या अखेरीला कुमुदताई हृदयविकारानं गेल्या. मेधा आली, सगळं नीट केलं, दिवस संपल्यावर अण्णांना बरोबर घेऊन गेली. पण मला कुमुदताई आठवतात त्या एप्रिलमधल्या. चांदवडहून एका नातेवाइकाकडून परतताना मी मुद्दाम विंचूरकडून आलो आणि वस्तीपाशी गाडी थांबवली.

जिथं बाग होती तिथं कांदा काढून पडला होता. सात-आठ बाया ओळीनं बसून विळ्यानं पात कापत होत्या, कांदा एकीकडं, पात दुसरीकडं. त्या ओळीच्या टोकाला सुमनबाई, आणि त्यांच्याजवळ इस्त्रीच्या सुती साडीचा पदर डोक्यावर घट्ट बांधून कुमुदताई. हातात विळा. मला बघून त्या लाजल्या नाहीत की हसल्या नाहीत.

"ताई, लय जवळून कापू नका," सुमनबाई सांगत होत्या. "मान थोडी ठेवा. नायतर आत पानी जातं, कांदा सडतो."

कुमुदताईंनी पुढचा कांदा उचलला, अंगठ्यानं मान मोजली आणि सुमनबाईंना दाखवला. "एवढी?"

"हां, एवढी."

मी म्हटलं, "चलता का नाशिकला? गाडी आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "एवढी ओळ होऊ दे. येईन मी एसटीनं."

जमीन तापली होती. कुमुदताई सारख्या जागा बदलत होत्या. ते बघून सुमनबाईंनी स्वतःच्या खालचं गोणपाट ओढून काढलं आणि त्यांच्याकडं सरकवलं. कुमुदताईंनी ते पसरलं, एका कडेला बसल्या आणि उरलेल्या अर्ध्यावर हात आपटून म्हणाल्या, "तुम्हीपण या." मग दोघी त्या गोणपाटावर एकमेकींच्या पाठीला पाठ टेकवून बसल्या आणि परत कापायला लागल्या.